शिळा तक्ता

माजलगाव, गुरुवार, ६ फेब्रुवारी १९९७

आज साखर कारखान्यात मला माझीच लाज वाटली.

सकाळी ऊसतोडीच्या गयाबाई संगणकाच्या खोलीच्या खिडकीशी आल्या. "ताई, आमची बैलगाडी परवापासून हुबी हाय. तुमच्या कागदात आमचा लंबर कावून न्हाई?"

गाडीतळावर कुणाच्या गाड्या, पाळी कुणाची, हा तक्ता रोज मीच काढते. म्हटलं, असेल की! पाहिलं तर खरंच नव्हता. मग नीट वाचलं. तारीख आजची, आकडे सोमवारचे. संगणकात जुन्या हंगामांच्या फायली ठासून भरलेल्या, नव्या नोंदींना जागाच उरली नव्हती. तो मुकाट्यानं जुनंच छापत होता. आणि मी? साफसफाई करायची, असं दिवाळीपासून नुसतं म्हणतेय.

दुपारपर्यंत जुन्या फायली फ्लॉपीवर घेऊन संगणकातून पुसल्या. नव्या तक्त्यात गयाबाईंचा नंबर आला, सोबत आणखी बावीस गाड्या. बावीस! तेवढी जोडपी, दुप्पट बैल, दोन दिवस तळावर ताटकळलेले.

शेतकी अधिकाऱ्यांना सांगितलं, चूक माझी. ते म्हणाले, "मशीनची म्हणा ना."

"मशीनवर लक्ष ठेवायचं काम माझंच आहे, साहेब."

त्यांनी त्या गाड्या आधी घ्यायला लावल्या. मी ठरवलं, उद्यापासून तळावर जाऊन तक्ता ताडून पाहायचा, मगच सही करायची.

निरोप द्यायला मीच तळावर गेले. वाटलं, गयाबाई रागावतील. बैलांपुढे उसाचं वाढं टाकत त्या एवढंच म्हणाल्या, "मी इचारलं म्हनून कळलं. बाकीचे म्हनले, कागदावर न्हाई म्हंजी आपुन न्हाईच."