नियंत्रित उष्ण वायुप्रवाह

६ जानेवारी, सकाळ
तुझा पेपर वाचायला कुठे मिळेल? चहा पिता पिता बाबांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. कप विसळून झाले तरी आलेलं नाही.

पेपर परवा प्रसिद्ध झाला. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, पहिली रिसर्च असिस्टंट आणि आता पहिली लेखिका. आईला म्हटलं, माझा पेपर आला. तिने विचारलं, किती मार्क? बाबांनी तिला समजावलं की हा परीक्षेचा नाही, रोजचा पेपर. मग स्वतःच कोपऱ्यावर जाऊन रोजचा पेपर घेऊन आले आणि शेवटच्या पानापर्यंत मला शोधत बसले. मी खेळाच्या पानावरही नव्हते.

मी सांगितलं, हा तिसऱ्याच प्रकारचा पेपर. त्यातही कागदच आहे. फिल्टर पेपरची गुलाबी पट्टी पाण्यात बुडवायची. पिवळी पडली तर पाण्यात फ्लोराइड जास्त. असलं पाणी पिऊन पोरांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं वाकतात. वहिनी म्हणाली, म्हणजे पेपरवरचा पेपर. आणि माझा हेअर ड्रायर कुठाय?

संकल्प: १. बाबांना पेपर वाचून दाखवणे. २. ड्रायर लॅबमधून परत आणणे. दोन्ही आजच.

७ जानेवारी, दुपार
लॅबमधून लिहिते आहे. जर्नलच्या साइटवर माझं नाव आहे, नावाखाली सारांश आहे आणि सारांशाखाली कुलपाचं चित्र. पुढचं वाचायचं असेल तर पैसे भरा. मी! माझाच पेपर! आकडा बघून खुर्ची मागे सरकली. आमचं कॉलेज हे जर्नल घेत नाही.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला मी ब्युरेट म्हणते (त्या काचेच्या नळीसारखा उंच, बारीक, थेंब थेंब बोलतो), माझ्या स्क्रीनकडे वाकला. मग म्हणाला, तुझ्याकडे. फाइल. आहे ना?

आहेच. पण प्रश्न माझ्या फाइलचा नाही, जगाचा आहे. आत्ता या क्षणी, कुठल्यातरी दूरच्या देशात, कोणीतरी याच कुलपासमोर डोकं धरून बसलं असेल. त्या अनोळखी माणसासाठी मी लढणार. रसायनशास्त्र सगळ्यांना खुलं झालंच पाहिजे. आजपासून रोज अर्धा तास चळवळीला.

ड्रायर राहिला.

९ जानेवारी
चळवळीला नाव हवं. 'मुक्त रसायन' सुचलं. ब्युरेट म्हणाला, गॅसगळतीची बातमी वाटते. 'खुलं रसायन' सुचलं. तो म्हणाला, झाकण लाव. असल्या माणसांमुळेच विज्ञान मागे आहे.

मेलमध्ये आज पुन्हा एक 'परम आदरणीय प्राध्यापक डॉक्टर मॅडम'. पेपर छापून आल्यापासून या बोगस जर्नलवाल्यांनी उच्छाद मांडलाय. परवा एकाने मला दंतवैद्यांच्या परिषदेत मुख्य भाषणाला बोलावलं. मी प्राध्यापक नाही, डॉक्टर नाही, आणि मॅडम मला फक्त बसचा कंडक्टर म्हणतो, तेही सुटे मागताना. पहिली ओळ वाचून सरळ स्पॅममध्ये टाकला. माणूस सुशिक्षित झाला की त्याला फसवणं सोपं राहत नाही.

१४ जानेवारी, संध्याकाळ
लॅबच्या प्रमुख सरांशी बोलले. म्हटलं, सर, कुलूपबंद ज्ञान हे ज्ञानच नव्हे. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, दुसऱ्या पेपरचा मसुदा कुठवर आला? मग जरा नरम होऊन म्हणाले, तुझी भाषा मात्र छान आहे, विशेषतः ते वाळवण्याचं वाक्य.

ते वाक्य खरंच जमलंय. पट्ट्या वाळवायच्या वेळी लॅबचा ओव्हन बिघडला होता. मी घरून वहिनीचा ड्रायर आणला आणि काम झालं. मी लिहिलंही तसंच: 'हेअर ड्रायरने वाळवल्या'. सर म्हणाले, जर्नलचे परीक्षक हसतील, काहीतरी शास्त्रीय लिही. दोन दिवस विचार करून मी लिहिलं: 'नियंत्रित उष्ण वायुप्रवाह यंत्रणेत वाळवल्या'. परीक्षकांपैकी कोणीही हसलं नाही. सारांशातसुद्धा घातलं ते वाक्य. इतकं चांगलं वाक्य आत दडवून ठेवायचं कशाला?

२० जानेवारी
जाहीरनामा लिहायला घेतला. पहिलं वाक्य: 'जगातल्या तमाम वंचित वाचकांनो'. 'तमाम' ठेवावं का? दिवस त्यात गेला.

वहिनी म्हणाली, ओल्या केसांनी कामावर जाऊन मला सर्दी झाली, तुझ्या जगाला सांग.

२३ जानेवारी
'तमाम' काढलं.

३ फेब्रुवारी, दुपार
ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल बाईंना सगळी चळवळ समजावून सांगितली. त्या पुस्तकांवर शिक्के मारत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, अगं, इतकं कशाला? तू 'संपर्क लेखिका' आहेस ना? पेपरवर तुझा मेल छापलाय तो त्यासाठीच. कोणी तुझ्याकडे मागितला, तर खुशाल पाठव त्याला, जर्नलशी झालेल्या करारात बसतं ते. मागितलाय का कोणी?

म्हटलं, अजून नाही. जग अजून जागं व्हायचंय.

त्या म्हणाल्या, मग वाट बघ.

वाट बघण्याला मी चळवळ म्हणत नाही. परत येऊन लोगो काढायला घेतला: उघडं कुलूप, त्यातून बाहेर येणारी टेस्ट ट्यूब. ब्युरेटला ते इंजेक्शन वाटलं.

परम आदरणीयवाला पुन्हा. या खेपेला सोबत अटॅचमेंट. उघडायला मी काय खुळी आहे?

११ फेब्रुवारी
जाहीरनामा जर्नलच्या संपादकांना पाठवला. लगेच उत्तर आलं! आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, या पत्त्यावर उत्तर देऊ नये.

मोलाचा म्हणालेत. सुरुवात झाली म्हणायची.

बाबांना पेपर वाचून दाखवायचा राहिलाच आहे. बाबा कुरिअरचा टेम्पो चालवतात, रात्रीचं जेवून लवंडतात. मी म्हटलं, उद्या. ते म्हणाले, चालेल, पेपर कुठे पळून जातोय.

१९ फेब्रुवारी
चळवळीत सभासद एक. (मी.) ब्युरेटला विचारलं. तो म्हणाला, बघतो. हे त्याच्याकडून दोनदा आलं, म्हणजे जवळजवळ भाषणच. अर्धा सभासद धरते.

स्पॅममध्ये तिसरं पत्र. चिकाटी बघा यांची. एवढी चिकाटी खऱ्या वाचकांत असती तर!

२३ फेब्रुवारी, रविवार दुपार
लिहायला मन होत नाही, तरी लिहिते.

जेवणं झाली होती. बाबांनी सहज विचारलं, तुझा पत्ता छापलाय म्हणतेस, मग कोणी काही पाठवतं का? मी म्हटलं, पाठवतात की, कचरा. आणि घरच्यांची करमणूक करावी म्हणून स्पॅम उघडून वाचायला लागले. मला प्राध्यापक म्हणतात, ऐका! वहिनी हसली. डॉक्टर म्हणतात! आई म्हणाली, बरं केलंस, माझे गुडघे बघ. मी अगदी रंगात येऊन, नाटकी आवाजात, एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागले. परम आदरणीय प्राध्यापक डॉक्टर मॅडम. आपल्या थोर कार्यापुढे मी नतमस्तक आहे. मी एका लहान गावातल्या शाळेत रसायन शिकवतो. आमच्या शाळेत पाण्याचे दोन पंप आहेत.

इथे माझा नाटकी आवाज गेला.

आई म्हणाली, थांबलीस का, वाच ना.

वाचलं. दोनपैकी एका पंपाचं पाणी पोरांचे दात खातंय, पण कुठला ते कळत नाही. नमुने तपासायला शहरात पाठवणं परवडत नाही. दोन्ही पंप बंद केले तर शाळाच बंद करावी लागेल. आपल्या पेपरचा सारांश वाचून आम्ही पट्ट्या करून पाहिल्या. उन्हात वाळवल्या तर फिकटतात, चुलीजवळ धरल्या तर काळवंडतात. पूर्ण पेपर विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेर आहे, कृपया पाठवावा. आणि आपली नियंत्रित उष्ण वायुप्रवाह यंत्रणा कोणत्या कंपनीची आहे ते कळवावं. कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडत नाही. ती घेण्यासाठी पालकांनी वर्गणी काढायला सुरुवात केली आहे.

दुसऱ्या पत्रात पट्ट्यांचे फोटो होते. हीच ती अटॅचमेंट. तिसऱ्या पत्रात एकच ओळ: मॅडम कामात असतील, मी समजू शकतो.

मग वहिनीने विचारलं, ती यंत्रणा म्हणजे काय गं?

मी सांगितलं.

वहिनी म्हणाली, माझा ड्रायर? त्या माझ्या ड्रायरसाठी लोक वर्गणी काढतायत?

बाबा म्हणाले, आम्हीसुद्धा तीनदाच जातो. तिसऱ्यांदाही दार नाही उघडलं, तर पार्सल परत. बोलून गेले आणि लगेच म्हणाले, तुला नाही म्हणत, आमची पद्धत सांगतोय. आईने फक्त विचारलं, मग कुठला पंप? मी म्हटलं, मला कसं कळणार? ती म्हणाली, तुला नाही, त्याला कळायला हवं ना. लिही की लवकर.

त्याच बैठकीत लिहिलं. पेपर जोडला. यंत्रणा म्हणजे केस वाळवायचा साधा ड्रायर, मंद गतीवर, वीतभर अंतरावरून. पट्टी उपड्या ताटलीवर आडवी ठेवायची, टांगायची नाही. कडा कोरड्या झाल्या की थांबायचं. वर्गणी कृपया परत करावी. आणि मी प्राध्यापक नाही, डॉक्टर नाही.

अख्ख्या पेपरमध्ये 'वीतभर' कुठेही नाही. 'उपडी ताटली' नाही. कुलूप काढून पूर्ण पेपर त्याच्या हातात दिला असता, तरी तो कॅटलॉगच चाळत बसला असता.

२७ फेब्रुवारी
चळवळीचं फोल्डर उघडलं. जाहीरनामा, लोगो, नावांची यादी. सगळं डिलीट केलं. ब्युरेटला सांगितलं. तो म्हणाला, मी. सभासद. व्हायला आलो होतो.

५ मार्च, सकाळ
उत्तर आलं. सुरुवात: परम आदरणीय प्राध्यापक डॉक्टर मॅडम. माझं कोण ऐकतंय!

बायकोचा ड्रायर वापरला. यंत्रणा उत्तम आहे. पट्टी मैदानाकडच्या पंपाला गुलाबीच राहिली, स्वयंपाकघरामागच्या पंपाला पिवळी पडली. त्या पंपाला साखळी लावली. वर्गणी परत केली, ती देताना फार हसू झालं. बायको विचारते आहे, ड्रायर परत कधी मिळणार.

चार ओळींत मावलं सगळं. पण त्याचं पहिलं पत्र जानेवारीतलं. तेव्हापासून माझं उत्तर जाईपर्यंत पोरं स्वयंपाकघरामागचं पाणी पीत होती, आणि मी 'तमाम' ठेवावं की काढावं ते ठरवत होते.

५ मार्च, दुपार
सरांकडे गेले. म्हटलं, जर्नलला दुरुस्ती पाठवू या. सर म्हणाले, दुरुस्ती चुकीची करतात, आपलं चुकलंय काय? ड्रायर हा उष्ण वायुप्रवाह नाही का? आहे. नियंत्रित नाही का? आहे, दोन बटणं आहेत. मग? मग काही नाही. सर म्हणाले, पेपरवर माझंही नाव आहे, शोभा करू नकोस. माझ्या पीएचडीला त्यांची शिफारस लागणार आहे, त्याचं ते बोलले नाहीत. मला मात्र ऐकू आलं.

विचार करते, असं म्हणून मी निघाले. मला दोन आठवडे लागतील असं वाटलं.

येताना ग्रंथालयात डोकावले. ग्रंथपाल बाईंनी शिक्के मारता मारता सांगितलं, पेपरला कुलूप असतं, पण दुरुस्तीला नसतं. दुरुस्ती कोणीही वाचू शकतं, फुकट.

कोणीही का, विचारलं. हो म्हणाल्या, कोणीही.

६ मार्च, सकाळ
काल संध्याकाळी ड्रायर घरी आणून दिला. वहिनीने उलटसुलट करून पाहिला. मुठीवर गुलाबी डाग आहे, तो निघत नाही. म्हणाली, राहू दे, शास्त्रीय आहे.

बाबांना वाचायला काय द्यायचं ते आता सांगता येईल. दोनेक आठवड्यांत साइटवर येईल, मोबाइलवरही उघडेल. 'नियंत्रित उष्ण वायुप्रवाह यंत्रणा' याऐवजी 'हेअर ड्रायर' असं वाचावं. त्याखाली बाकी सगळी कृतीही घातली आहे, पट्टी कापण्यापासून पिवळी पडेपर्यंत, ताटलीसकट, वीतभर अंतरासकट. दुरुस्ती पेपरहून थोडीच लहान झाली. संपर्क लेखिका मीच असल्यामुळे पाठवायचं बटण माझ्याकडेच होतं. सर दहाला येतात. मी नऊलाच दाबलं.