हा आदेश अजून लिहिलेला नाही

प्रिय ठमे,

काल तुझ्या प्रोग्रॅमने मला दारात आलेल्या बाईसमोर तोंडघशी पाडलं, म्हणून हे पत्र. फोनवर तू "बघते गं" म्हणून विषय बदलतेस. पत्र मध्येच कापता येत नाही.

आजाऱ्यांना काठ्या, चाकांच्या खुर्च्या, पलंग उसने देण्याच्या या खोलीत माझी वही बरी चालली होती. तू हट्टाने कॉम्प्युटर आणून बसवलास. काळ्या पडद्यावर 'उसने' लिहायचं, मग वस्तू, मग तिचं काय करायचं ते. 'उसने काठी दे', 'उसने पलंग घे'. इथवर ठीक. पण तुला आवरणार कोण? काठीच्या आदेशाच्या पोटात कुबडीचा, कुबडीच्या पोटात डावी-उजवी! कुबडीला डावं-उजवं असतं हे मला या वयात कळलं. 'मदत' लिहावं, तर आणखी चार आदेश पुढे करतो आणि प्रत्येकाची मदत वेगळी मागा म्हणतो. यापेक्षा सरकारी कचेरी बरी.

काल बेकरीवाल्याची बायको आली. नवरा शिडीवरून पडलाय, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये, संध्याकाळी घरी सोडणार. 'उसने खुर्ची दे' लिहिलं. उत्तर आलं, शिल्लक नाही. तिने कोपऱ्याकडे बोट केलं, "मग बाई, ती काय शोभेला ठेवलीय?"

ती म्हणजे बाबांची. खुर्चीच्या उजव्या हातावर तू सुतळी गुंडाळलेली, वर तूच शिवलेली उशी. बाबा गेल्यावर "कुणाच्या तरी उपयोगी पडू दे" म्हणत तूच ती इथे आणलीस. शोधलं, तर खुर्चीच्या पोटात 'बाबांची' असा वेगळा कप्पा निघाला. त्यात 'दे'सुद्धा होतं. लिहिलं. पडद्यावर उमटलं, 'हा आदेश अजून लिहिलेला नाही.' हा कप्पा करून दोन वर्षं झाली, ठमे! नोंद झाल्याशिवाय वस्तू दाराबाहेर जात नाही हा नियम माझाच, त्यामुळे बोलायचीही सोय नाही. बेकरीवाली बिचारी बाकावर बसून घड्याळ बघत होती.

मग मीच तुझ्या प्रोग्रॅमची फाइल उघडली. साध्या खुर्चीच्या 'दे'चा मजकूर उचलून खाली आणला, नाव बदललं. एक कंस सुटला, तर सगळंच रुसून बसलं, थेट तुझ्यासारखं. कंस लावला, चाललं. एवढं सोपं काम तुला येत नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

का राहिलं ते मला कळतं. शेवटचं बटण दाबायला मलाही वेळ लागला. पण तू सुट्टीत येशील तेव्हा कोपरा रिकामा दिसेल, आणि ते तुला आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा सगळा खटाटोप. भांडायचं असेल तर ये आणि समोर भांड.

तुझीच,
आई

ता. क. नोंद अशी केली आहे: बाबांची खुर्ची, एक, बेकरीवाल्यांकडे दिली. ब्रेक घट्ट करून दिले. हातावरची सुतळी आहे तशी. उशी दिलेली नाही.