जवळचा झोत

प्रिय चिसातो,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी ते उलटंपालटं करून बघितलं असशील, कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही. मठातून येणारं प्रत्येक पत्र मरणाचंच असतं असा तुझा लहानपणापासूनचा समज आहे, आणि आपल्या घरचा अंत्यविधींचा व्यवसाय पाहता तो अगदीच निराधार नाही. पण या खेपेला सगळे जागेवर आहेत. बाबा आहेत, आई आहे, मी आहे, तुझी वहिनी आहे आणि तुझी पांढरी गाडीही आहे. लिहायचं आहे ते त्या गाडीबद्दल. पण तुला माहीतच आहे, मी मुद्द्याला येताना वाटेतल्या सगळ्या गल्ल्या बघून येतो. फोनच का नाही केला, असं विचारशील. घरातला फोन बैठकीत आहे आणि बैठकीत बाबा आहेत. मोबाइलला रेंज मिळते ती फक्त घंटेच्या ओट्यावर, आणि तिथून बोललेलं खालच्या वाडीत रेडिओसारखं ऐकू जातं. तेव्हा कागदच बरा.

इकडे वाळवायची पर्सिमनची फळं सोलून झालीत. वहिनीने या वर्षी पडवीच्या पूर्ण लांबीभर माळा टांगल्यात, त्यामुळे मला माझ्याच मठात वाकून शिरावं लागतं. रानडुकरांनी मागचं रताळ्याचं वावर नांगरून दिलं, फुकट. दिवस मात्र फार लहान झाले. सूर्य उसागी खिंडीमागे गेला की मी घंटा वाजवायला जातो, आणि खरं सांगायचं तर हल्ली माझं त्या घंटेत लक्ष नसतं. एक ठोका देतो, त्याचा नाद विरेपर्यंत थांबतो, आणि तो विरल्यावर प्रार्थना म्हणण्याऐवजी कान खिंडीच्या रस्त्याकडे लावतो. वळणावर बाबांच्या गाडीचा आवाज आला की दुसरा ठोका. नाही आला तर उगाच ओट्यावर फेऱ्या. परवा ओकामुरा काकूंनी मला वाटेत गाठलं आणि म्हणाल्या, “स्वामी, तुमच्या घंटेवर आम्ही भात लावतो. हल्ली कधी कच्चा राहतो, कधी करपतो. तब्येत बरी आहे ना?” मी म्हटलं, तब्येत बरी आहे, घड्याळ बिघडलंय. त्या म्हणाल्या, “घड्याळ कशाला लागतं, सूर्य आहे ना.”

बाबांचा नेम तुला ठाऊक आहे. आई खिंडीपलीकडच्या वृद्धाश्रमात गेल्यापासून तिचं संध्याकाळचं जेवण ते भरवतात. सकाळचं ती कुणाच्याही हातून खाते, दुपारचं कुरकुरत खाते, पण संध्याकाळी उजेड उतरला की तोंड मिटून घेते. तिथल्या मुली फार गोड आहेत, गाणी म्हणतात, टाळ्या वाजवतात. आई त्यांच्याकडे अशी बघते की जणू शाळेच्या स्नेहसंमेलनाला चुकून येऊन बसली आहे. बाबा आले की तोंड उघडते. त्यांचं नाव तिला आठवत नाही, नातं आठवत नाही, पण हा माणूस जेवण घेऊन येतो एवढं पक्कं. आणि ते निघाले की दारापर्यंत येऊन रोज एकच वाक्य म्हणते, “दिवे लावून जा हं.” आपण शाळेत जाताना छत्री घे म्हणायची त्याच आवाजात. उन्हाळ्यात ते वाक्य नुसतं गोड वाटतं. नोव्हेंबरात ते आठवलं की मी ओट्यावर जाऊन खिंडीकडे बघतो.

कारण मागच्या महिन्यात असं झालं. आपल्या वाडीत माणसं उरली नाहीत म्हणून ओकामुरा काकू बुजगावणी बनवून बांधावर उभी करतात, हे तू पाहिलं आहेस. आता त्यांनी गेलेल्या माणसांचेच कपडे त्यांना चढवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे वाडीची लोकसंख्या कागदावर घटते आणि बांधावर वाढते. त्यातलं एक, पिवळ्या रेनकोटातलं, वाऱ्याने कलून रस्त्याच्या कडेला आलं होतं. पोस्टमन त्या रस्त्याने घरी चालला होता. त्याने पाहिलं की आपली गाडी रस्त्यात उभी आहे, दिवे चालू, आणि आत बाबा हाताने खूण करताहेत, जा, तुम्ही आधी जा. रेनकोट हलत नाही. बाबांनी किंचित मान लववली. पुन्हा खूण केली. पोस्टमन म्हणाला, “मला आधी वाटलं थट्टा करताहेत. मग मीच रस्ता ओलांडला, मोठ्या स्वामींना वाईट वाटू नये म्हणून.” बाबांनी त्यालाही मान लववली आणि गेले. आमचे क्योतोचे संस्कृतचे गुरुजी संशयाचं एकच उदाहरण द्यायचे: संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं आहे, तो खांब की पुरुष? आम्ही वर्षभर त्यावर वाद घातला. कुणी गाडी थांबवून खांबाला आधी जाऊ दिलं नव्हतं. मी हसलो, मनापासून हसलो, आणि त्या रात्री झोपलो नाही. बुजगावण्याला माणूस समजणं परवडतं गं. उलटं झालं तर?

घरी बाबांचं म्हणणं एकच, “दिवे मंद झालेत गाडीचे.” आणि गंमत अशी की ते खरं होतं. तू कामाला लागलीस तेव्हा घेतलेली गाडी ती. दिव्यांवरचं प्लास्टिक उन्हाने जुन्या चहाच्या कपासारखं पिवळं पडलंय. मी टूथपेस्ट लावून घासलं. दात नसलेल्या वस्तूला मी दंतमंजन लावत असताना बाबा पडवीत उभे राहून म्हणाले, “एवढं संस्कृत शिकून आलास, त्यात दिवे पुसायचं काही नव्हतं का?” थोडा फरक पडला. मग मी एका संध्याकाळी ती गाडी स्वतः खिंडीपर्यंत नेऊन आणली. उजेड कमी होता, नाही असं नाही, पण वळणं दिसत होती, कठडा दिसत होता, आणि पिवळा रेनकोट हा रेनकोटच दिसत होता. म्हणजे कार्य एक आणि कारणं दोन: दिवाही मंद, डोळाही मंद. अशा वेळी तर्कशास्त्र सांगतं की एक कारण दूर करून बघावं. मी बघितलं. दुसरं शिल्लक राहिलं.

आता तू म्हणशील, मग सांगायचं ना तोंडावर. तू सांगितलंस की. नववर्षाच्या पहिल्या सकाळी, सूपमध्ये मोचीचा चिकट तांदूळगोळा बुडवता बुडवता, “बाबा, गाडी चालवायचा परवाना परत करून टाका, या वयात सगळे करतात.” तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही, फक्त मोची तोंडात असताना माणसाला उत्तर देता येत नाही, आणि गिळल्यावर तो जे बोलतो ते जरा जास्तच निघतं. “तू इथे ये, तुझ्या आईला रोज भरव, उद्या देतो परवाना.” मग तू दुपारच्या बसने गेलीस आणि मोची वहिनीने आठवडाभर खाऊन संपवली. तेव्हापासून तुमच्या दोघांत मी तारयंत्र आहे. “चिसातोला म्हणावं, थंडी आहे.” “बाबांना म्हणावं, इकडेही.” हे काम मला झेपतं, पण त्याला भवितव्य नाही.

मला जे उशिरा कळलं ते सांगतो. बाबांना गाडी सोडवत नाही, असं नाही. डोळ्यांमुळे गाडी सोडली की आईचा संध्याकाळचा घास त्यांनी आपल्या हाताने थांबवला असं होतं, आणि ते त्यांना करवत नाही. मी म्हणालो असतो की मी नेतो तुम्हाला, तर त्याचा अर्थ झाला असता, तुम्हाला दिसत नाही. म्हणून मी एक युक्ती काढली. या महिनाअखेरीस गाडीची सरकारी तपासणी आहे. आता तपासणीत दिव्यांचा जवळचा झोत, म्हणजे लो बीमच, मोजतात, जुन्या गाड्या त्यातच पडतात. गाडी आदल्या रात्रीच कानेशिगेच्या गॅरेजमध्ये लावली होती, तिथे मी सकाळीच गेलो. (तुझ्या वर्गातला कानेशिगे. अजूनही तुझं नाव निघालं की हातातला पाना खाली ठेवतो. मी केवळ निरीक्षण नोंदवतो आहे.) म्हटलं, बाबा रे, एक पुण्यकर्म कर. बाबांना सांग, दिवे कामातून गेले, या गाडीचे दिवे आता बनत नाहीत, तपासणीत पास होणार नाही. माणूस नापास होण्यापेक्षा गाडी नापास झालेली बरी.

कानेशिगेने आधी किटली चढवली. मग चहा ओतला. मग म्हणाला, “दादा, परवा मोठे स्वामी येऊन हेच सांगून गेलेत.” मला कळेना. तो म्हणाला, “हेच. अगदी हेच. म्हणाले, मुलाला सांग की दिवे गेलेत. त्याला काळजी लागून राहते, घंटासुद्धा धड वाजवत नाही. आणि मला आता खरंच दिसत नाही रे, पण हे त्याला कळलं तर तो स्वतःला दोष देत बसेल.” मी कप खाली ठेवला. कानेशिगे म्हणाला, “तीस वर्षं लोक येतात, गाडी पास करून दे म्हणून. नापास कर म्हणून कुणी आलं नव्हतं. या आठवड्यात दोघं, तेही एकाच गाडीसाठी, आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला फसवतोय.” आणि सगळ्यात वाईट काय, तर त्या शहाण्याने तोवर दिवे काढून, आतून-बाहेरून घासून, बल्ब बदलून ठेवले होते. गॅरेजच्या भिंतीवर त्याने झोत टाकून दाखवला. कडा सरळ, डावी बाजू किंचित वर, स्वच्छ. गाडी नवीच वाटावी. उत्तम पास झाली असती.

तर आता आमच्या घरात दोन माणसं एकमेकांना गाडीच्या निधनाची बातमी हळुवारपणे सांगायला टपलेली आहेत आणि कुणी सुरुवात करत नाही. जेवताना बाबा म्हणतात, “गाडी जुनीच झाली म्हणा.” मी म्हणतो, हो, जुनीच. मग दोघंही लोणच्याकडे बघतो. तोवर बाबा रोज जातात. मी रोज ओट्यावर फेऱ्या घालतो.

एक चांगली गोष्टही झाली. मागच्या आठवड्यात बाबांना ताप होता, म्हणून मी माझा छोटा ट्रक घेऊन आईकडे गेलो. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, “तुम्ही विम्याचे का?” मी नाही म्हटलं नाही. घास पुढे केला, तोंड बंद. दुसरा, बंद. मुलींनी टाळ्या वाजवल्या, काही नाही. मला भूक लागली होती, कंटाळाही आला होता, म्हणून मी तिच्या ताटातला टोफूचा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. आई ताठ बसली. “ते माझं आहे,” म्हणाली, आणि माझ्याकडे रागाने बघत सगळं ताट संपवलं. नंतर बाबांना विचारलं तर म्हणाले, “मग तुला काय वाटलं? पहिला घास मीच खातो. रोज.” चाळीस वर्षं देवाला नैवेद्य दाखवून स्वतः खाणाऱ्या माणसाला ही युक्ती सुचावी यात नवल नाही, मला सुचायला भूक लागावी लागली. म्हणजे आईचा घास अडणार नाही. गाडी गेली की मी बाबांना म्हणेन, ट्रकमध्ये बसा. ते म्हणतील, तुझ्या ट्रकने हाडं खिळखिळी होतात. आणि बसतील. थंडीत मला मयताच्या घरच्या जागराची बोलावणी जास्त येतात आणि ती नेमकी संध्याकाळचीच असतात. त्या दिवशी बाबांना कानेशिगे नेणार आहे, त्याचं त्याने आपणहून सांगितलंय.

आता मुद्दा. गाडी तुझ्या नावावर आहे. ती मोडीत काढायची तर सहीच्या जागी तुझा नोंदवलेला शिक्का आणि त्याचा नगरपालिकेचा दाखला लागतो, आणि कानेशिगे म्हणतो, “तुम्हा दोघांशी मी बोलतो खोटं. मालकिणीशी बोलणार नाही.” म्हणून मालकिणीला खरं काय ते मी कळवतो आहे. या रविवारी, आंघोळ झाल्यावर, बाबा तुला फोन करतील. स्वतः. दोन दिवस ते बैठकीत बसून पुटपुटताहेत, मला वाटलं जप चाललाय, जवळ गेलो तर ऐकू आलं, “चिसातो, तुझ्या गाडीचे दिवे गेले बघ.” ते असं म्हणतील तेव्हा बल्ब बदलला का असं विचारू नकोस. जुने दिवे कुठे मिळतात ते शोधून मला पाठवू नकोस, तू ते अर्ध्या तासात शोधशील हे मला माहीत आहे. डोळ्यांचं नाव काढू नकोस आणि जानेवारीचंही नको. एवढंच म्हण, “इतकी वर्षं तुम्ही ती सांभाळलीत, बाबा.” मग ते खाकरतील, त्यांना खाकरू दे. आणि मग विचारतील, तिकडे थंडी आहे का. त्याचं उत्तर एका शब्दात देऊ नकोस. अगदी तपशीलवार दे.

रविवारी घंटा वेळेवर वाजवायच्या बेतात असलेला,
तुझाच,
दादा