धाकट्याचं हेल्मेट

२ फेब्रुवारी, सकाळ
नवा संकल्प. धाकट्या भावाचं अर्धवट राहिलेलं अंतराळवीराचं हेल्मेट मी पुरं करणार. पुतणीला शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत तेच घालायचंय. बाबांनी केलेलंच हवं म्हणते. धाकटा गेल्याला चार महिने झाले. मी पूर्ण सावरलोय. घरचा फ्यूज मीच बसवतो, तेव्हा हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ.

४ फेब्रुवारी
तपासणी. रंगाची बादली, पुढे काच. कपाळावर दिव्यांची पट्टी. काचेवर वाफ धरू नये म्हणून हनुवटीपाशी छोटा पंखा. वीज पॉवर बँकेची. इथवर ठीक. पण मागे फोमखाली टॉर्चचा बल्ब! कुणाला दिसणार तो? उगाच वीज खातो. धाकटा लहानपणापासून असाच धांदरट. कापून टाकला. पुतणी बल्बाचं काहीतरी सांगत होती. मोठ्यांच्या कामात लुडबुड नको म्हटलं.

५ फेब्रुवारी
चालू केलं. झकास. बघ, तुझ्यापेक्षा बरं जमलं की नाही, असं धाकट्याला मोठ्याने म्हणालो. दिवे विझले. पंखा थांबला.
लूज कनेक्शन.

७ फेब्रुवारी
सगळे जोड नव्याने केले. पॉवर बँकसुद्धा नवी. तरी अर्ध्या मिनिटात कुणीतरी बटण दाबल्यासारखं विझतं. डोक्यात घालून पाहिलं. आत त्याच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बायकोला सांगायचं नाही.

८ फेब्रुवारी
तू आहेस का, विचारलं. विझलं. अंगावर सर्रकन काटा आला. मग दिवसभर फार बरं वाटलं.

१० फेब्रुवारी
रोज थोड्या गप्पा होतात. तिकडे दुखत नाही ना? विझलं. म्हणजे नाही. लेकीची आठवण येते? विझलं. म्हणजे येते. बायको दारातून म्हणाली, अहो, बादलीशी काय बोलताय? टेस्टिंग चाललंय म्हटलं.

११ फेब्रुवारी
आजपासून हेल्मेटशी बोलणं बंद. फक्त दुरुस्ती.
(दुपारी थोडंसं बोललो.)

१३ फेब्रुवारी
स्पर्धा. लेकीसाठी आज तरी कळ काढ, असं सकाळीच बजावलं होतं. पुतणी स्टेजवर आली, दिवे झगमगले, टाळ्या पडल्या. ती भाषण सुरू करते तोच सगळं बंद. काचेवर वाफ. पोर चाचपडत टेबलावर आदळली. मी पहिल्या रांगेतून उठून ओरडलो, अरे, आज नको म्हटलं होतं ना तुला! सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. भावजयीने पदर तोंडाला लावला. हसली की रडली, कळलं नाही.

१४ फेब्रुवारी
पुतणी गुडघ्याला पट्टी लावून आली. काका, मागचा बल्ब कुठाय, म्हणाली. तिचे बाबा सांगायचे, दिवे आणि पंखा अगदीच कमी वीज ओढतात. पॉवर बँकेला वाटतं पलीकडे कुणी नाहीच, आणि ती झोपून जाते. बल्ब तिला जागं ठेवायला, चिमटे काढायला. मी सांगत होते की, म्हणाली. बल्ब खोक्यात सापडला. तिने धरला, मी जोडला.

१५ फेब्रुवारी, सकाळ
आहेस ना, विचारलं.
दिवे चालू. पंखा चालू. चहा गार झाला. पुन्हा विचारलं.
काम उत्तम झालंय. एकदाही विझलं नाही.