कोपरे बघ

श्रीरामपूर
१२ जानेवारी २०२६

प्रिय रोही,

सप्रेम नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, माझी तब्येत चांगली आहे. फोनवर तू माझी वाक्यं पूर्ण करून टाकतेस आणि मला म्हणायचं असतं ते तसंच राहतं, म्हणून कागद घेतला. तशी ही आपली जुनीच सवय. वर्गात मराठी बोललं की सिस्टर बाकावर उभं करायच्या, म्हणून आपण मराठी लिहून बोलायचो. तुझी चिठ्ठी कंपासपेटीतून यायची, आणि तिला नेहमी पेन्सिलीच्या भुशाचा वास असायचा.

तुझे गुडघे कसे आहेत? अर्णवची सर्दी गेली का? नातवंडांना थंडीत आइस्क्रीम द्यायचं आणि मग काढे पाजायचे, हा तुझा नेम अजून चालूच असेल. इथे थंडी बेताची आहे. पहाटेपासून उसाच्या गाड्यांची रांग असते, आणि वारा फिरला की घरात मळीचा वास येतो. काल तिळाचे लाडू केले. सोबतच्या डब्यात आहेत. पाक जरा पुढे गेला, दात सांभाळून खा.

परवा मी नगरला येऊन गेले. तुझ्याकडे आले नाही. कुणी तुला सांगितलं असेल तर ते खरं आहे. कारण सांगते, पण आधी लेन्सचं.

तुला माहीतच आहे, शामकांतच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली तेवढी एकच लेन्स होती. दिवसा ती बिचारी सगळं करते. रात्री तिच्यात उजेडच पुरेसा येत नाही, तारे धुळीसारखे दिसतात. ते गेल्यापासून कॅमेरा कपाटात होता. दिवाळीत मी तो बाहेर काढला, पुसला, आणि ठरवलं की रात्रीच्या आभाळासाठी एक चांगली रुंद लेन्स घ्यायची. चौदा मिलिमीटरची घ्यावी की वीसची, यावर आपण दोघींनी फोनवर किती रात्री घालवल्या! तू चौदाच्या बाजूने. 'सगळं मावतं गं त्यात,' असं तू म्हणायचीस. मला दोन वर्षांत कुठल्याच गोष्टीचा इतका उत्साह वाटला नव्हता. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते.

डिसेंबरच्या अखेरीला मी नगरच्या दुकानात जाऊन दोन्ही लेन्स लावून पाहिल्या होत्या. दुकानातला हर्षल भला मुलगा आहे. त्याने मला दारात उभं करून समोरच्या रस्त्याचे फोटो काढू दिले. चौदाच्या लेन्सची काच बेडकाच्या डोळ्यासारखी पुढे आलेली. ती लावली तर अख्खा चौक आत आला, पण समोरची इमारत पार लांब गेली आणि कडेला उभी असलेली रिक्षा ताणून एसटीएवढी झाली. मनगटालाही जड. वीसची त्या मानाने गरीब स्वभावाची. तिच्यातून जग साधारण आपल्याला आठवतं तसंच दिसतं.

हर्षल म्हणाला, काकू, आभाळासाठी लोक चौदाचीच नेतात. मी विचारलं, आणि फोटोत माणसं असली तर? तो म्हणाला, "माणसं मधे घ्यायची. कडेला ठेवली की बिघडतात."

माझं ठरेना. म्हणून तुला म्हटलं, तुझ्या चौदाच्या लेन्सने काढलेला एखादा रात्रीचा फोटो पाठव. तू लगेच पाठवलास, तोही ईमेलवर, पूर्ण आकाराचा, कारण व्हॉट्सॲपवर बारीकसारीक काही उरत नाही. आणि खाली लिहिलंस, 'मधलं सगळ्याच लेन्सना जमतं. लेन्सची परीक्षा कोपऱ्यात होते. चारही कोपरे मोठे करून बघ.'

तू सांगितलंस तसंच केलं.

आधी नुसता फोटो बघत बसले. तुमच्या मिरजगावच्या शेतातलं ते लिंबाचं झाड, त्याच्या माथ्यावर मृग, खाली व्याध असा पेटलेला की पाण्यात पडलेल्या दिव्यासारखा. मनात म्हटलं, रोहीचा हात बसला. अगदी डोळ्यांत पाणी आलं (ते हल्ली लवकर येतं, हे तुला ठाऊक आहे). मग कोपरे. वरचा डावा मोठा केला. तिथल्या ताऱ्यांना बारीक पंख फुटलेले, पाकोळ्यांसारखे. वरचा उजवाही तसाच. खालच्या डाव्या कोपऱ्यात ज्वारी, काळी, काही विशेष नाही.

खालच्या उजव्या कोपऱ्याचं नंतर लिहिते.

तुला आपला दहावीचा फोटो आठवतो का? फोटोग्राफर आला होता, काळं फडकं डोक्यावर घेऊन. चर्चच्या पायऱ्यांवर आपल्याला तीन रांगांत उभं केलं होतं. कितीही मागे सरकला तरी सगळ्या मुली त्याच्या काचेत मावेनात. शेवटी म्हणाला, मधल्या रांगेतली ती कडेची मुलगी बाहेर काढा, तिचा वेगळा काढू. ती मी. मी मुकाट्याने उतरले आणि पाणपोईजवळ जाऊन उभी राहिले. वेण्यांना नव्या रिबिनी होत्या, आईने सकाळी इस्त्री केलेल्या. तू रांगेच्या मधोमध होतीस. सिस्टर इंग्रजीत ओरडत असताना तू पायऱ्या उतरलीस आणि सगळ्या शाळेसमोर मराठीत म्हणालीस, "ती मावत नाही तर मी पण मावत नाही."

मराठीत बोलल्याबद्दल तू दिवसभर बाकावर उभी होतीस. आपला वेगळा फोटो कुणी काढलाच नाही. तो वर्गाचा फोटो अजून शाळेच्या व्हरांड्यात आहे, आणि त्यात आपण दोघी नाही. शामकांत म्हणायचे, तुम्हा दोघींचा सगळ्यात चांगला फोटो तोच.

तर खालचा उजवा कोपरा.

तिथे हुरड्याची आगटी आहे. निखाऱ्यांच्या उजेडात आपल्या तिघींतली मोनिका बसली आहे, शाल गुंडाळून. कडेला आल्यामुळे ती दीडपट रुंद झाली आहे, हे तिला सांगू नकोस. ती जन्मात कधी इतकी स्थिर बसली नसेल. चेहरा ओळखू येतो. तिच्या शेजारी तिचा नवा कॅमेरा ट्रायपॉडवर आहे. त्या ट्रायपॉडच्या एका पायाला वर पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. ती शामकांतनी गुंडाळली होती, तो पाय घसरायचा म्हणून.

मला आधी वाटलं, जुना फोटो असेल. खरंच वाटलं. मागच्या किंवा त्याच्या मागच्या वर्षीचा, आणि मी विसरले असेन. पण तुझी लेन्स रुंद ना, डाव्या बाजूला मिथुन रासही पूर्ण आली आहे, आणि मिथुनेत गुरू बसला आहे. मागच्या हिवाळ्यात तो वृषभेत होता. शामकांतनी मला एवढं तरी शिकवलं होतं की तारे आपल्या जागा सोडत नाहीत, ग्रह सोडतात, म्हणून कुठलं आभाळ कधीचं ते ग्रहांना विचारावं. मी विचारलं. आभाळ या हिवाळ्यातलं होतं.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला आपण तिघी मिरजगावला जाणार होतो, आणि दुपारीच तुझा फोन आला होता. "अंबी, ढग आलेत गं. सगळं राखाडी झालंय. रद्द करू या." तुझा आवाज इतका पडला होता की मीच तुझी समजूत घातली. आभाळ कुठे पळून जातंय, म्हटलं. त्याआधी दोन दिवस तू गाडीने इकडे आली होतीस आणि जाताना ट्रायपॉड घेऊन गेलीस, 'तुला एसटीत एवढं ओझं नको.' मला किती बरं वाटलं होतं. मी दशम्या केल्या होत्या तिघींसाठी. त्या पुढे मी एकटीने संपवल्या. रात्री गच्चीवर गेले तर इथे आभाळ लख्ख. पण आपला जिल्हा केवढा. मिरजगावला असतील ढग, असं मीच मला सांगितलं. तुझ्यासाठी वाईट वाटत होतं, एवढ्या तयारीवर पाणी पडलं म्हणून.

फोटो पाहिल्यावर दोन दिवस मी काही केलं नाही. मग तुमच्या शेतावर राहणाऱ्या बानूबाईला फोन लावला. निमित्त ज्वारीचं काढलं, या वर्षी चांगली निघाली तर एक कट्टा हवाय म्हणून. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "तुमचा तीन पायांचा घोडा आल्ता की, बाई. मी म्हनलं, घोडा हाय अन् बाई कुठं? तर ताई म्हनल्या, त्यांना बरं न्हाई. आता बरं हाय का?"

मी म्हटलं, हो, आता बरं आहे.

बघ रोही, तुझं खोटं मी सांभाळलं. का, ते मला अजून कळलेलं नाही. बानूबाई मग हुरडा औंदा लई ग्वाड हुता असं सांगत राहिली आणि मी हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मला ढगांचं विचारायचं होतं ते राहूनच गेलं. विचारायला उरलं तरी काय होतं म्हणा.

मोनिकाकडे मी गुरुवारी गेले. नाताळचा केक तिने या वर्षी शेजारच्या मुलीबरोबर पाठवला होता, स्वतः आली नव्हती, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिला मी फोटोचं सांगितलं. तिने चहाची किटली खाली ठेवली. ती खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने लिहायलाच हवं. ती म्हणाली, "अंबी, तुझ्यासमोर हसायची भीती वाटते गं. हसलं की तू गप्प होतेस, आणि आम्हाला काहीतरी चोरल्यासारखं होतं. रोही म्हणाली, एकदा आपण मोकळ्या जाऊन येऊ."

मोकळ्या.

घरी येईपर्यंत मी तो शब्द तोंडात घोळवत होते. किती साधा शब्द आहे. केस मोकळे, माळ मोकळा, आभाळ मोकळं. तुझ्या तोंडून मी तो हजार वेळा ऐकला असेन.

मला माझं माहीत नाही असं नाही. मेअखेरीला भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो तेव्हा अख्खं झाड लुकलुकत होतं आणि तुम्ही दोघी ते सोडून माझ्याकडे बघत होतात, मी रडते का म्हणून. मी रडलेच. चहावाल्यालासुद्धा मी शामकांतची गोष्ट सांगितली. अशा बाईला घेऊन फिरणं सोपं नसतं. तू मला म्हणाली असतीस, 'अंबी, या वेळी आम्ही दोघीच जातो, आम्हाला जरा हसायचंय,' तर मला लागलं असतं, नाही म्हणत नाही. मी एखादी संध्याकाळ रुसून बसले असते. पण ट्रायपॉड मी माझ्या हाताने तुझ्या गाडीत ठेवला असता. दशम्याही दिल्या असत्या.

तू मला ढग सांगितलेस. स्वच्छ आभाळावर ढग घातलेस, माझ्या नवऱ्याचा ट्रायपॉड घेऊन गेलीस, बानूबाईला मी आजारी आहे म्हणालीस, आणि मग दोन आठवड्यांनी मलाच लिहिलंस, कोपरे बघ. माझ्या मनात सारखं हेच येतं, की तो फोटो पाठवताना तू तो कोपरा बघितला नव्हतास का? बघितला असशील, तर ती क्रूरता झाली, आणि तू क्रूर नाहीस. नसशील, तर मी आणि माझा ट्रायपॉड कुठल्या कोपऱ्यात आहोत हे तुझ्या ध्यानातही नव्हतं. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, ते मला ठरवता येत नाही.

परवा मी नगरला लेन्स घ्यायला आले होते. तुझ्या घरावरूनच रिक्षा गेली. गॅलरीत अर्णवचा स्वेटर वाळत होता. मी रिक्षा थांबवली नाही.

वीसची घेतली. हर्षलने पुन्हा एकदा चौदाची सुचवून बघितली, पण मला तेवढं सगळं एका वेळी बघायचं नाही. मृग आणि त्याच्याखाली एक झाड मावलं की पुष्कळ झालं. काल संध्याकाळी गच्चीवर ती लावून पाहिली. ट्रायपॉड नसल्यामुळे कॅमेरा पाण्याच्या टाकीवर उशी ठेवून टेकवला. फोटो हलला. शामकांत हसले असते. मीही हसले, खरंच, एकटीच. तुला सांगावंसं वाटलं, फोन हातात घेतला, आणि मग आठवलं.

त्याच ईमेलमध्ये तू लिहिलं आहेस की येत्या रविवारी अमावास्या आहे, या वेळी मिरजगावला नक्की ये, मी गाडी पाठवते. त्याचं उत्तर मी दिलेलं नाही. मला एकच विचारायचं आहे. त्या रात्री ढग होते का?

होते म्हणालीस, तर मी 'हो, असतील' म्हणेन, बानूबाईला म्हणाले तसं, आणि रविवारी माझ्या गच्चीवर राहीन. त्यापुढेही राहीन. आपण एकमेकींना दिवाळी, संक्रांत करत राहू, गुडघ्यांची चौकशी करू, आणि कुणाला काही कळणार नाही. ट्रायपॉड तेवढा कुणाबरोबर तरी पाठवून दे.

नव्हते म्हणालीस, तर पुढे काय, ते मला माहीत नाही. माफ करेन असं लिहिलं तर तेही एक खोटंच होईल. पण शनिवारी मी दशम्या करेन.

डब्यातला वरचा मोठा लाडू तुझा. तिळगूळ घे, रोही. गोड तू नेहमीच बोलतेस. या वेळी खरं बोल.

तुझी,
त्या फोटोत नसलेली आणि यातही,
अंबी