खोट्या लग्नाचं रडणं

३ फेब्रुवारी
पहिल्या अल्बमचं गाणं यूट्यूबवर पन्नास लाख लोकांनी पाहिलं, अन् आता दुसरा अल्बम माझ्या छातीवर बसून राह्यला! म्युझिक कंपनीचे शामराव पुण्याहून फोनवर: "चार गाणी ठीक आहेत. पाचवं काळजाचं पाहिजे. पंधरा तारखेपर्यंत, नाहीतर अल्बम रद्द." काळीज शोधायला आर्णीले गेलतो. रस्त्यात कबड्डीचे सामने दिसले. काळीज राहिलं.

५ फेब्रुवारी
सुचलं! आमच्या बंजारा तांड्यात सासरी जाणारी नवरी ढावलो म्हणते — रडत रडत, सूर जुना, शब्द तिचे. शेजारच्या रामीबाईला म्हटलं, शिकव. सत्तरीची बाई, चष्म्यावरून पाहिलं.
"कोनाची पोरगी चालली? कोनी जाऊन नाही राह्यलं तं कायले रडू?"
बरं. मग पोरगी धाडू!

६ फेब्रुवारी
लहानी बहीण वर्षा नवरी व्हायला तयार. बदल्यात माझे इअरफोन. लुटारू!

८ फेब्रुवारी
लागलं लगन! अंगणात वर्षा ओढणीत, गमतीला आठ-दहा बाया. मोबाइल गोधडीखाली, रेकॉर्डिंग चालू. वर्षाला रडू कुठलं — फिदीफिदी.
"नवरदेव कुठी हाय वं?"
"पुसदले जिलबी खाऊन राह्यला!"
बाया लोळल्या.
अन् रामीबाई एकदम वर्षाच्या गळ्यात पडून गायला लागली. स्वतःच्या आईला हाका — याडी ये, मले उठवलं काहून नाही...
गाण्यातूनच कळलं — तेव्हा ती नऊ वर्षांची होती. स्वतःच्या लग्नात झोपून गेली. झोपेतच बैलगाडीत टाकली, डोळे उघडले ते सासरी. तिचा ढावलो राहूनच गेलता. साठ वर्षं!
कोणी हसलं नाही. गोधडीकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

९ फेब्रुवारी
शामरावांना फोनवर ऐकवलं. "जबरदस्त! आजी हुंदका देते ना, तिथंच डीजे सोडू!"

१० फेब्रुवारी
रेकॉर्डिंग खोडून टाकलं. एकच प्रत होती.

११ फेब्रुवारी
शामरावांचे सात फोन. उचलले नाहीत. पेरू खाल्ले. अल्बम गेला समज.

१२ फेब्रुवारी
सकाळीच रामीबाई दारात. "सुन्या, गोधडीखाली मोबाइल होता, मले काय दिसत नाही? कवा येते माहं गानं?"
खोडलं म्हटलं. तांडाभर ऐकू जाईल अशा शिव्या! मग चष्मा पुसला.
"मंग कर अजून एक लगन. मोबाइल समोर ठेवजो. नवरी मी!"