आईला न विचारता लिहिलेली दोन पानं

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितेय. मान वर करायची लाज वाटते.

तब्येत ठणठणीत आहे, जेवणाची आबाळ नाही. समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीवर्गात आमच्याकडून एक सराव करून घेतात: स्वतः पाहिलेला प्रसंग लिहायचा. बाबांची नोकरी गेली तेव्हा तू मोरीत बसून रडलीस, तो मी लिहिला. ‘अगतिक स्त्री’ म्हटलं तुला. वर्गाने वाहवा केली.

आमच्या बाई एवढंच म्हणाल्या, “हे आईने सांगितलं तुला?”

मी दाराच्या फटीतून पाहिलं होतं, विचारलं कधीच नाही.

पानं सोबत आहेत. खोटं असेल ते खोड. बाबांना दाखवू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे?

आणि चौदा वर्षं उशिरा विचारते, आई: तेव्हा का रडत होतीस?

तुझी,
दीडशहाणी